अठरा, छत्तीस की चोपन्न?

पत्र थोडक्यात : सांगलीच्या मार्केट यार्डात वडिलांपासून चालत आलेलं हळदीचं अडत दुकान सांभाळणारे हे वाचक ३९ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा, चंचलपणा यांचा आजार) असल्याचं निदान झालं. तिच्याबद्दल विचारता विचारता डॉक्टरांनी तेच प्रश्न वडिलांना विचारले आणि पुढच्या दोन भेटींत यांचंही निदान झालं. जानेवारीत मिथाइलफेनिडेटची दिवसभर पुरणारी १८ मिलिग्रामची गोळी सुरू झाली. ते लिहितात, "पहिले आठ-दहा दिवस डोक्यातला कलकलाट एकदम थांबला. मग ते वाटायचंच बंद झालं. आता शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) त्याच दिवशी जातात, एवढं सोडलं तर काही फरक नाही."

पहिल्या फेरतपासणीला दवाखान्यात गर्दी होती, म्हणून 'बरं आहे' सांगून ते दोन मिनिटांत बाहेर पडले. पुढची तारीख सौद्यांच्या हंगामात आली, तेव्हा गेलेच नाहीत. गोळी आठवेल तेव्हा, बहुतेक दुकानात पोचल्यावर अकरा-साडेअकराला घेतली जाते. यार्डात दिवसभरात आठ-दहा चहा होतात आणि झोप एक वाजता लागते. मोठी आवक आली त्या तीन दिवशी त्यांनी मनानेच दोन-दोन गोळ्या घेतल्या. छातीत धडधड झाली, जेवण सुचलं नाही, आणि शेवटच्या दिवशी रात्री साडेनऊला घरी आल्यावर वहीतल्या एका चुकीवरून ते मुलीवर इतके ओरडले, की ती रडता रडता थांबून म्हणाली, "पप्पा, तुमची गोळी संपली का?"

महिन्याच्या गोळ्या महिना भरायच्या तीन दिवस आधीच संपल्या. मेडिकलवाल्याने जुन्या चिठ्ठीवर द्यायला नकार दिला. गेले पाच दिवस गोळी नाही. पुण्यातला चुलतभाऊ ५४ मिलिग्राम घेतो आणि ट्रॅव्हल्सच्या पार्सलने एक स्ट्रिप पाठवतो म्हणतोय. वडिलांना यांच्या औषधाचं ठाऊक नाही, नातीच्या औषधावरूनच ते म्हणतात, "आमच्या वेळी पोरं अशीच असायची, गोळ्या कुणी घातल्या?" शेवटी प्रश्न असा : "माझं वजन ८८ किलो. मला १८ काय पुरणार? माझा खरा डोस किती, ३६ की ५४? की हे सगळंच बंद करू?"

नमस्कार.

आकडा सांगता येण्यासारखा असता तर इथेच सांगून टाकला असता. मी मानसोपचारतज्ज्ञ असले तरी तुम्हाला तपासलेलं नाही, आणि न तपासता पत्रावरून डोस सांगणाऱ्याचं तुम्ही ऐकूही नये. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तराचा बराचसा भाग तुम्ही स्वतःच त्यात लिहून ठेवला आहे, तो तुमच्या नजरेतून सुटलाय.

आधी त्या १८ बद्दल बोलू. तो तुमचा डोस आहे असं तुम्ही धरून चाललाय. माझ्या मते तुमचा डोस अजून ठरलेलाच नाही. या प्रकारच्या गोळीत १८ मिलिग्राम ही मोठ्या माणसासाठी सुरुवातीची पायरी असते. तिथून सुरू करायचं, आठवडा-दोन आठवडे बघायचं, नाडी आणि बीपी मोजायचं, उपयोग किती आणि त्रास किती हे तोलायचं, आणि मग डॉक्टरांनी ठरवायचं : एक पायरी वर जायचं, आहे तिथेच थांबायचं की औषधच बदलायचं. यात सहज दीड-दोन महिने जातात. तुम्ही पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि हंगाम सुरू झाला. त्यामुळे '१८ पुरत नाही' हा तुमचा अंदाज खरा असू शकतो. ३६ ही काही भयंकर उडी नव्हे, डॉक्टरही पुढे कदाचित तेच लिहितील.

तरीही ज्या तीन दिवसांवर तुम्ही अख्खा निकाल लावताय, ते तीन दिवस मी पुराव्यातून बाद करते. रात्रीची झोप चार-पाच तास. गोळी साडेअकराला. पोटात चहावर चहा, जेवण नाही. वर आवकेचा ताण. अशा दिवशी छाती धडधडली ती दुसऱ्या गोळीने, दहाव्या चहाने की जागरणाने, हे तुम्हाला कसं कळणार? मलाही कळत नाही. आणि त्या दिवशी काम जास्त उरकलं असेल, तर ते गोळीने उरकलं की गळ्याशी आल्यावर तुम्ही नेहमीच उरकता म्हणून, हाही प्रश्न आहेच. एडीएचडी असलेली कितीतरी माणसं ऐन घाईच्या दिवशी सगळ्यात चांगलं काम करतात. त्यांचा खरा त्रास साध्या मंगळवारी दुपारी असतो, जेव्हा मागे कुणी लागलेलं नसतं.

वजनाचं म्हणाल तर हा समज मी दर आठवड्याला ऐकते. लहान मुलांच्या काही औषधांत वजन बघावं लागतं, म्हणून तो रुजलाय. मोठ्या माणसाच्या मिथाइलफेनिडेटचा डोस किलोवर ठरत नाही. हे औषध यकृतातल्या एका एन्झाइमकडून मोडलं जातं आणि त्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो. शिवाय मेंदूत डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं परत शोषली जाण्याचा वेग हे औषध किती कमी करतं, आणि तेवढं तुमच्या मेंदूला पुरतं का, हे वजनकाट्यावर दिसत नाही. नव्वद किलोचा माणूस १८ वर स्थिरावतो आणि पन्नास किलोच्या बाईंना ५४ लागतं, असं होतं. म्हणून चुलतभावाचा ५४ हा त्याच्या दोन महिन्यांच्या तपासण्यांतून निघालेला आकडा आहे, तुमच्याशी त्याचा काही संबंध नाही. चष्मा एका घरातला असला म्हणून नंबर एक होत नाही, तसंच हे. डोस मोठा म्हणजे आजार मोठा, असंही नसतं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थबकले ते वाक्य. "पट्ट्या त्याच दिवशी जातात, एवढं सोडलं तर काही फरक नाही."

एवढं सोडलं तर!

माझे एक काका तासगावकडचे, हळद लावायचे. सौदा झाला, तोल झाला, पोती गेली, आणि पट्टी मात्र "उद्या या" म्हणून चार-चार दिवस अडून राहायची, तेव्हा घरात काय वातावरण असायचं ते मी पाहिलंय. तुम्ही स्वतः लिहिलंय की पूर्वी टेबलावर वजनाच्या मापाखाली दाबून ठेवलेल्या कच्च्या चिठ्ठ्यांचा ढीग असायचा, पंख्याच्या वाऱ्याने त्यातली एखादी उडायची आणि मग त्या शेतकऱ्यासमोर मान खाली घालावी लागायची. तो ढीग आता नाही. पोत्यांचा आकडा, भाव, हमाली-तोलाई वजा जाऊन रक्कम, हे सगळं त्याच संध्याकाळी कागदावर येतं. मग गोळी 'बंद पडली' हे कशावरून ठरवलंत?

ठरवलंत ते वाटण्यावरून. पहिल्या आठ-दहा दिवसांत जी शांतता जाणवते, तिचं अप्रूप मोठं असतं. चाळीस वर्षं गोंगाटात राहिलेल्या माणसाला ती जाणवणारच. पण नव्या चष्म्याचंही तसंच असतं : पहिल्या दिवशी झाडाचं पान न् पान दिसतं म्हणून माणूस हरखतो, महिन्याने झाडाकडे बघतही नाही. नंबर मात्र तोच असतो. ती पहिली लहर परत मिळवायला डोस वाढवत गेलात तर वाढवतच राहाल, आणि वाटेत भूक, झोप, स्वभाव यातलं काहीतरी गमवाल. डोस मापायचा तो कामावरून. तुम्ही तीन कामं ठरवा, अगदी साधी. उदाहरणार्थ, पट्ट्या त्याच दिवशी. शेतकऱ्याला फोनवर दिलेला शब्द संध्याकाळपर्यंत पाळला गेला का. आणि रात्री मुलीबरोबर पंधरा मिनिटं न उठता बसता आलं का. ज्या सर्वांत कमी डोसवर ही कामं बहुतेक दिवस होतात आणि खाणं, झोप, बीपी, माणूसपण शाबूत राहतं, तो तुमचा डोस. तो १८ निघाला तर कमीपणा नाही, ५४ निघाला तर लाज नाही.

यात वरची बाजूही असते, ती फारसं कुणी सांगत नाही. डोस कमी पडला की लक्ष लागत नाही हे सगळ्यांना कळतं. डोस जास्त झाला की लक्ष एकाच गोष्टीला चिकटून बसतं. माणूस दोन तास एकच हिशोब घासत राहतो. जबडा आवळला जातो, हात गार पडतात, उगाच धास्तावल्यासारखं होतं. घरातले म्हणतात, "हल्ली हसत नाहीत." असं झालं तर ती शिस्त लागल्याची खूण समजू नका. ते डॉक्टरांना सांगा, डोस खाली आणता येतो.

तुम्ही सांगलीचे, म्हणून आपल्या ओळखीचं उदाहरण देते. पावसाळ्यात आपण एकमेकांना काय विचारतो? "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पोराटोरांनाही पाठ असतं. पण कुठलाही जाणता सांगलीकर एका आकड्यावर सामान हलवत नाही. सकाळी किती होतं, आता किती आहे, चढतंय की उतरतंय, कोयनेतून किती सोडलंय, हे सगळं जोडून तो ठरवतो. माझे वडील २००५ च्या पुरात दर दोन तासांनी दाराच्या चौकटीवर खडूने वेळ आणि फूट लिहायचे. आई वैतागायची, रंग खराब होतो म्हणून. पण शेवटी कधी निघायचं ते त्या खडूच्या रेघांनीच सांगितलं.

तुम्हाला तशी चौकट हवी आहे. मोबाइलमधलं ॲप नको, तुम्ही ते तीन दिवसांत विसराल. दुकानात हिशोबाच्या वहीशेजारी शंभर पानी वही ठेवा आणि रोज एक ओळ लिहा : रात्री किती झोपलो, गोळी किती वाजता, सकाळी खाल्लं का, चहा किती, दुपारचं जेवण झालं का, ती तीन कामं झाली का, आणि चिडचिड झाली तर नेमकी किती वाजता. आठवड्यातून दोनदा बीपी आणि नाडी, पाच मिनिटं शांत बसून, चहानंतर अर्धा तास तरी सोडून. वजन आठवड्याला एकदा, काट्याला तुमच्याकडे तोटा नाही. आणि एक ओळ तुमच्या घरच्यांनी लिहायची. बायकोला सांगा, "आज मी कसा होतो ते चार शब्दांत लिही, मी वाद घालणार नाही." आपल्याला आपण कसे दिसतो हे या आजारात फार फसवं असतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र कटाक्षाने पाळा. डोस वाढवला त्याच आठवड्यात चहा सोडला आणि पहाटे पळायला लागलात, तर कशाने काय झालं ते वही सांगू शकणार नाही.

वही आजपासूनच सुरू करा. गोळी नाही ते हे दिवस वाया गेले असं समजू नका. बिनगोळीची पातळी काय असते, हे तुमच्या डॉक्टरांना यातूनच दिसेल. ढीग परत साठायला लागलाय का? लागला असेल तर १८ काय करत होती याचं उत्तर टेबलावरच आहे.

डोस वाढवण्याआधी गोळीची वेळ बघू, कारण मला वाटतं तुमची निम्मी गडबड तिथे आहे. दिवसभर पुरणारी गोळी साधारण दहा-बारा तास चालते. साडेअकराला घेतलीत तर ती रात्री साडेनऊ ते साडेअकरापर्यंत अंगात असते. मग झोप एकला, सकाळी डोकं जड, गोळी परत उशिरा. हे चक्र चालू असताना डोस वाढवला तर झोप आणखी जाईल, आणि जागरणाने येणारा विसराळूपणा तुम्ही परत एडीएचडीच्या खात्यावर टाकाल. सकाळी सातच्या आसपास, नाश्त्याबरोबर घ्या. विसरता म्हणून आठवणीवर सोडू नका. जे रोज न चुकता घडतं त्याला गोळी बांधा : दूध तापवणं, मुलीची स्कूलबस, देवासमोरचा दिवा. मुलीची गोळी ज्या वेळी दिली जाते त्याच वेळी तुमचीही होऊ शकते. डबी मात्र कुलपात, आणि दोघांच्या गोळ्या वेगळ्या. तिची तुम्ही किंवा तुमची तिने कधीही घ्यायची नाही. आणि ही गोळी अख्खी गिळायची. अर्धी करून किंवा चावून घेतली तर दिवसभरात हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

सातला घेतली तर ती संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान उतरेल, आणि तुमच्या पट्ट्या तर तेव्हाच लिहायच्या असतात. ही अडचण खरी आहे. हंगामात पट्ट्यांचं काम चारला सुरू करता येतं का, की मुनीमजींशी वाटणी होते, ते बघा. नाहीच जमलं तर दुपारी कमी काळ चालणारी छोटी गोळी जोडायची का, हा पर्याय डॉक्टरांकडे असतो. ती तीन-चार तासच चालते, म्हणून झोपेला धक्का न लावता संध्याकाळ सांभाळता येते. तुमचं कामाचं वेळापत्रक त्यांना सांगितलंच नाही तर ते हे कसं सुचवणार? सौदा किती वाजता सुरू होतो, संपतो कधी, पट्ट्या कधी, घरी कधी, हे कागदावर लिहून न्या.

भुकेबद्दलही तेच. हे औषध भूक मारतं, मेंदूला पेट्रोल मात्र लागतंच. गोळीआधी पोटभर खा, पोहे असोत की भाकरी-पिठलं. दुपारी भूक नसली तरी घड्याळ बघून डबा उघडा. चहाबरोबरचं भडंग हे जेवण नव्हे. चहा दहावरून चारवर आणा, पण एका दिवसात आणू नका, डोकं ठणकेल.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न.

"पप्पा, तुमची गोळी संपली का?" तुम्ही ते लाजेने लिहिलंय. मी मात्र वाचताना मनात म्हटलं, या पोरीला कळलंय. तिने स्वतःच्या अंगावर अनुभवलंय की संध्याकाळी एक वेळ अशी येते जेव्हा सगळं एकदम टोचायला लागतं. औषध रक्तातून उतरतं तेव्हा काहींना तास-दीड तास चिडचिड, रडवेलेपणा, अस्वस्थता येते. आम्ही त्याला रीबाउंड म्हणतो. दिवसभर उपाशी असलेल्या माणसात ते जास्त जाणवतं. तुमचं ओरडणं त्यामुळेच होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही. तीन दिवसांचा थकवाही होता. म्हणून तर वेळ लिहायला सांगितली. चिडचिड गोळी जोरात असताना, म्हणजे मधल्या तासांत येत असेल, तर डोस जास्त होतोय का अशी शंका येते. शेवटी येत असेल तर उतार सांभाळायचा असतो, आणि तो कधी वेळ बदलून, कधी संध्याकाळी सहाला नीट खाऊन, कधी छोटी गोळी जोडून सांभाळता येतो. एकच तक्रार, पण घड्याळानुसार उपाय उलटा होतो.

तोवर एक करा. घरी पोचल्यावर वीस मिनिटं वही, शाळा, पैसा यातलं काहीही काढायचं नाही. हातपाय धुवा, खा, गॅलरीत बसा. मुलीला आधीच सांगून ठेवा की ही वीस मिनिटं पप्पांची आहेत. आणि त्या रात्रीबद्दल तिची माफी मागा, गोळीवर न ढकलता. "माझी गोळी उतरत होती, हे खरं आहे. तरी ओरडायला नको होतं" एवढं पुरे. ती आयुष्यभर या आजाराबरोबर राहणार आहे. तो कसा सांभाळायचा हे ती तुमच्याकडे बघून शिकतेय.

मेडिकलवाल्यावर तुम्ही रागावलात, तो राग सोडा. त्याने तुमचा अपमान केला नाही, नियम पाळला. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं आणि एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखालीही. ते ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, कुलपात ठेवावं लागतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. म्हणूनच ते दर चौकात मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार ही औषधं फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या सल्ल्याने लिहून देता येत नाहीत, तेव्हा ऑनलाइन काम भागेल ही आशाही नको. दवाखान्यात जावंच लागतं. याचा व्यवहारी अर्थ असा की गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी तारीख घ्यायची, आणि नेहमीच्या दुकानात दोन दिवस आधी फोन करून माल आहे का विचारायचं. सौद्याच्या दिवसांतली तारीख असेल तर ती आधीच मागेपुढे करून घ्या, 'गेलो नाही' असं नको.

पुण्याच्या स्ट्रिपला स्पष्ट नाही म्हणा. भाऊ प्रेमाने पाठवतोय, मला कळतं. पण दुसऱ्याच्या नावचं हे औषध पार्सलने मागवणं दोघांनाही कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतं. आणि १८ वरून एकदम ५४, तेही पाच दिवसांच्या खंडानंतर, मोजमापाशिवाय? नको.

डॉक्टरांना या खेपेला 'बरं आहे' सांगू नका. आमच्याकडे हे दोन शब्द फार येतात. पेशंट उठता उठता म्हणतो, आम्ही मान डोलावतो, आणि तोच डोस पुढे चालू राहतो. चूक आमचीही असते, आम्ही खोदून विचारायला हवं. पण तुमच्या हातात वही असेल तर पाच मिनिटांत पंधरा मिनिटांचं काम होतं. तीन दिवस दोन गोळ्या घेतल्या हेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलंत तर ते '१८ वर ठीक चाललंय' किंवा '१८ वर धडधड होते' असा चुकीचा अर्थ लावतील, आणि दोन्हींतून चुकीची चिठ्ठी निघेल. धडधडीबद्दल ते ईसीजी सांगतील, थायरॉइड तपासतील, तर टाळू नका. काचबिंदू असेल, घरात कुणाला बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) किंवा सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याचा) आजार असेल, तर तेही सांगा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, दम लागणं यातलं काही झालं तर मात्र तारखेची वाट बघायची नाही, गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. आणि घोरता का? बायकोला विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही दिवसा लक्ष उडतं आणि बीपी वाढतं. कुठलाही डोस त्यावर उपाय नाही.

बंद करू का, हे तुम्ही विचारलंय. करता येतं. हे औषध आयुष्यभराची बेडी नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवता येतं आणि वर्षातून एकदा तरी 'अजून लागतं का' हा प्रश्न विचारायलाच हवा. पण आत्ता बंद केलंत तर ते धड न तपासताच टाकून दिल्यासारखं होईल. बीपीमुळे किंवा धडधडीमुळे मिथाइलफेनिडेट झेपलंच नाही, तर ॲटोमॉक्सेटिन आहे. ते शेड्यूल एक्समध्ये नाही, मिळायला सोपं. पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, सुरुवातीला मळमळतं, आणि बीपी-नाडीवर तिथेही लक्ष ठेवावं लागतं. पहिल्याच दिवशी बटण दाबल्यासारखं ते वाटणार नाही, तुमच्या उतावळ्या स्वभावाची परीक्षा होईल. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन घेणाऱ्या वाचकांनी इथे जास्त सावध राहावं, कारण या गोळ्यांमुळे ॲटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं. कुठलीही जुनी गोळी चालू असेल तर ती चिठ्ठी बरोबर न्या.

राहता राहिले वडील. यार्डात कुणाला सांगायची गरज नाही, ते तुमचं खासगी आहे. वडिलांना मात्र सांगावं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण भावनेपेक्षा व्यवहाराचं आहे. डॉक्टर विचारतील की घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का, कुणी अचानक गेलं होतं का. तुमचे आजोबा कशाने गेले, चुलत आजोबा कोणत्या वयात गेले, हे वडिलांशिवाय कोण सांगणार? तिथूनच बोलायला सुरुवात करा. "दादा, डॉक्टरांना आपल्या घराण्याची माहिती हवी आहे." म्हाताऱ्या माणसाला माहिती विचारली की तो बोलतो, उपदेश केला की गप्प होतो. आणि 'आमच्या वेळी नव्हतं' असं म्हणालेच, तर सांगा की स्कॉटलंडच्या अलेक्झांडर क्रायटन नावाच्या डॉक्टरांनी लक्ष न टिकणाऱ्या माणसांबद्दल १७९८ मध्येच लिहून ठेवलंय, पेशवाई बुडायच्याही आधी. हे औषधसुद्धा कालचं नाही. स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पॅनिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९४४ मध्ये बनवलं, आणि बायकोच्या 'रिटा' या लाडक्या नावावरून त्याचं नाव रिटालिन पडलं. वडिलांनी अख्खं दुकान तोंडी चालवलं, शेकडो शेतकऱ्यांचे हिशोब डोक्यात ठेवले. त्यांना तुमचा ढीग आळस वाटला असेल तर त्यांचाही दोष नाही. चाळीस वर्षं तुम्हालाही तो आळसच वाटत होता.

उद्या सौद्याला जायच्या आधी दवाखान्यात फोन करून तारीख घ्या. पाच दिवसांचा खंड पडलाय, तेव्हा परत सुरुवात कितीने करायची तेही त्यांनाच विचारा. जुनी एखादी गोळी ड्रॉवरमध्ये सापडली तरी मनाने सुरू करू नका. वहीत तेव्हा चारच ओळी झालेल्या असतील, तरी घेऊन जा. आणि पुण्याच्या गाड्या रात्री सुटतात, तेव्हा चुलतभावाला फोन आज संध्याकाळीच करा.